मालवणच्या वर्गात उद्या कोण शिकवणार?

परीक्षेच्या दिवशी सकाळी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाचं दार आतून बंद असतं. मला आत प्रवेश नव्हता, आणि तो नसायलाच हवा. बाहेरच्या बाकावर बसून मी आतल्या छपाई यंत्राची घरघर ऐकत होतो. मध्येच पंखा थांबला, यंत्र थांबलं, आणि क्षणभरानं मागच्या बाजूला जनरेटर सुरू झाल्याचा धडधडाट आला. शिपाई मामा शांतपणे म्हणाले, "लाइट गेली. जायचीच. पाऊस असा ना."

मुंबई विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आता सीलबंद गठ्ठ्यातून येत नाही. पेपर सुरू होण्याच्या थोडं आधी ती इंटरनेटवरून येते. नेमलेल्या माणसानं पासवर्ड घालून ती उतरवून घ्यायची, त्या केंद्राची खूण उमटलेल्या प्रती छापायच्या, मोजायच्या आणि वेळेच्या आत वर्गावर्गांत पोचवायच्या. कलिन्यातल्या विद्यापीठापासून पाचेकशे किलोमीटरवर, रेल्वे स्थानकही नसलेल्या मालवणसारख्या गावात हे सहज घडतं. सावंतवाडीचं श्री पंचम खेमराज, कुडाळचं संत राऊळ महाराज, वेंगुर्ल्याचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर, मालवणचं स. का. पाटील सिंधुदुर्ग ही सगळी महाविद्यालयं त्याच विद्यापीठाशी जोडलेली. त्या सगळ्यांत दार बंद करून हे काम होतं आणि मुलांना त्याचा पत्ताही नसतो.

'उद्याचं शिक्षण' हा संपादकांनी दिलेला विषय घेऊन मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात फिरायला निघालो, आणि पहिला धडा या बंद दाराबाहेर मिळाला. तंत्रज्ञान इथे कधीच पोचलं आहे. ते चालतं, कारण त्याच्या या टोकाला एक जबाबदार माणूस बसलेला आहे, वीज गेली तर काय करायचं हे त्याला ठाऊक आहे आणि चूक झाली तर उत्तर त्यालाच द्यायचं आहे.

याच विद्यापीठानं २०१७ साली उत्तरपत्रिकांची तपासणी एकदम संगणकाच्या पडद्यावर आणली. कल्पना चांगली होती. उत्तरपत्रिका स्कॅन होणार, प्राध्यापक पडद्यावर वाचून गुण देणार, बेरजेच्या चुका टळणार. पण परीक्षा तोंडावर असताना निर्णय झाला. सतरा लाखांवर उत्तरपत्रिका, सराव नसलेले परीक्षक, अडखळणारी यंत्रणा. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. त्या वर्षी पुढच्या प्रवेशांसाठी ताटकळलेल्यांत कोकणातली मुलंही होती. विद्यापीठ तेच, महाविद्यालयंही तीच. फरक पडला तो माणसांच्या तयारीमुळे.

सड्यावर रेंज, वाडीत अंधार

२०२०च्या ऑगस्टमध्ये कणकवली तालुक्यातल्या एका मुलीची बातमी देशभर गेली. मुंबईत पशुवैद्यकीय शिक्षण घेणारी ही मुलगी टाळेबंदीत घरी अडकली. घरात नेटवर्क नाही म्हणून ती डोंगरावर जाऊन तास ऐकू लागली. पाऊस सुरू झाल्यावर भावांनी तिला तिथेच एक छोटी झोपडी बांधून दिली. बातमी आल्यावर मदत पोचली आणि घरापर्यंत इंटरनेट आलं. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. मला मात्र त्या वर्षी ज्यांना भाऊ नव्हते, ज्यांच्या डोंगरावरही रेंज नव्हती, ज्यांना संध्याकाळनंतर घराबाहेर राहायची परवानगी नव्हती, त्या मुली आठवत राहतात. त्यांची बातमी झाली नाही. त्यांचं वर्ष मात्र गेलं.

इथली रेंज समजून घ्यायची तर आधी इथली जमीन पाहायला हवी. वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, खाली वहाळ, वहाळाच्या कडेनं माड-पोफळीची बाग आणि बागेत घर. आपल्या पूर्वजांनी पाणी आणि वाऱ्याचा आडोसा बघून घरं खाली बांधली. मोबाइलचा टॉवर उभा राहतो उंचावर, आणि त्याचं तोंड असतं बाजारपेठेकडे, हमरस्त्याकडे. मोबाइलच्या लहरी फारशा वळत नाहीत. मध्ये डोंगराची सोंड आली, पावसानं निथळणारी दाट झाडी आली, की घळीतल्या वाडीपर्यंत त्या पोचतच नाहीत. म्हणून कागदावर गाव 'कव्हर' झालेलं असतं, आणि त्याच गावातल्या चार वाड्यांपैकी दोन वाड्यांतली मुलं फोन घेऊन सड्यावर बसलेली असतात.

त्यात विजेची भर. टॉवरही विजेवरच चालतो. वीज गेली की त्याची बॅटरी काही तास तग धरते, मग तोही मुका होतो. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात हजारो झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. सगळं शिक्षण ऑनलाइन असण्याचाच तो काळ. पावसाळ्याचे चार महिने हे असं लहान प्रमाणात दर आठवड्याला घडतं. जून ते सप्टेंबर, म्हणजे नव्या शैक्षणिक वर्षातल्या पहिल्या सत्राचा बहुतेक काळ. मुंबई-पुण्यात बसून 'आता सगळे तास थेट प्रक्षेपित करू' अशी योजना आखणाऱ्यानं एक आषाढ इथे काढावा, असं मला मनापासून वाटतं.

शंका विचारायची कुणाला?

दूर बसून शिकण्याची कोकणाला नवलाई नाही. १९७१ साली मुंबई विद्यापीठानं पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, तेव्हा टपालानं नोट्सची पाकिटं येत. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर दिसू लागला. त्यात दिल्ली-पुण्याचे उत्तम प्राध्यापक असत, पण बहुतेक सगळं इंग्रजीत. २००४ मध्ये इस्रोनं केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह सोडला. त्याच्या पहिल्या प्रयोगांत नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होतं. सहा वर्षांनी उपग्रहाचं आयुष्य संपलं आणि त्याबरोबर अनेक ठिकाणच्या छपरांवरच्या छत्र्याही गंजू लागल्या. ९ जुलै २०१७ ला 'स्वयम' आलं. देशातल्या नामांकित संस्थांचे अभ्यासक्रम फुकट, घरबसल्या. जोडीला 'स्वयंप्रभा'च्या दूरचित्रवाहिन्या.

प्रत्येक वेळी शिकवणाऱ्याचा आवाज जास्त लांबून आणि जास्त स्पष्ट येत गेला. प्रत्येक वेळी एकच प्रश्न उरला. समजलं नाही तर विचारायचं कुणाला?

या सगळ्यांत इथल्या माणसांच्या आयुष्यात खरंच फरक पाडला तो १९८९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठानं, असं माझं निरीक्षण आहे. त्याचं तंत्रज्ञान साधं होतं. मराठीत लिहिलेलं, स्वतःच वाचून समजावं असं बेतलेलं पुस्तक, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी भरणारं संपर्क सत्र. एसटीचे वाहक, अंगणवाडीताई, दुकानावर बसणारे, बारावीनंतर लग्न झालेल्या बायका तिथे येऊन पदवीधर झाल्या. पुस्तक घरी वाचायचं आणि अडलेलं रविवारी येऊन विचारायचं. 'स्वयम'वर अडलं तर चर्चामंचावर लिहावं लागतं, तेही बहुधा इंग्रजीत. ज्याला प्रश्न मालवणीत पडतो आणि मराठीत विचारायलाही धीर लागतो, तो तिथे लिहीत नाही. तो गप्प बसतो आणि तिसऱ्या आठवड्यात अभ्यासक्रम सोडून देतो.

२०२१च्या नियमानुसार पदवीच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम'वरून घेता येतात. छोट्या महाविद्यालयासाठी ही मोठीच संधी आहे. जो विषय शिकवायला इथे कुणीच नाही, तो खरगपूरचा प्राध्यापक शिकवेल. मला भीती आहे ती पुढच्या पायरीची. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत कित्येक विषय आज तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक सांभाळतात. जेवढे तास तेवढं मानधन, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. पडद्यावर प्राध्यापक फुकट मिळतो म्हटल्यावर रिकामी जागा भरण्याची निकड कुणाला वाटेल? पडदा शिक्षकाच्या सोबतीला आला तर वर्ग समृद्ध होईल. तो शिक्षकाच्या जागी आला, तर जिथे शिक्षक सगळ्यांत कमी आहेत तिथेच तो आधी येईल. म्हणजे इथे.

पेन ड्राइव्हमधला मास्तर

एका संगणक प्रयोगशाळेत मात्र मी बराच वेळ रमलो. पहिल्या वर्षाच्या मुली, दोघींत एक संगणक. पडद्याचे दोन भाग केलेले. डावीकडे छोटीशी चित्रफीत, उजवीकडे प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. चित्रफितीतला आवाज मराठीत सांगतो की आता या जागी टिचकी मारा, इथे हे सूत्र लिहा. मुली चित्रफीत थांबवतात, उजवीकडे तेच करून बघतात, जमलं की पुढे.

"अगो, माजो कर्सर खंय गेलो?"

"मागे घे आणि परत आयक. तो काय तुका कंटाळणा नाय."

हा आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला. दहा-दहा मिनिटांचे धडे, मूळ इंग्रजी आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले. शिकवलं जातं ते मोफत, मुक्त सॉफ्टवेअर, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही. आणि आमच्यासाठी सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे हे धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. पेन ड्राइव्हवर घेऊन ते कुठल्याही वाडीत नेता येतात. बाहेर पाऊस कोसळत होता, रेंजची एकच दांडी होती आणि आत तास सुरळीत चालला होता.

मी त्या प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं की मग तुमचं काम काय उरलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, मुलींकडे बोट दाखवलं. एक मुलगी चित्रफीत थांबवून नुसतीच बसली होती. मॅडम तिच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. तिला सूत्र येत होतं, टक्केवारी म्हणजे काय तेच डोक्यात पक्कं नव्हतं. आवाजाला हे कळायला मार्ग नव्हता. मॅडमनी तिच्या वहीत काजूचं गणित घातलं. शंभर किलो बी फोडली, पंचवीस किलो गर निघाला, उतारा किती? घरी काजूची बाग होती, मुलीनं तोंडीच उत्तर दिलं, आणि लगेच पडद्याकडे वळून सूत्र लिहिलं. चित्रफितीनं मॅडमचे पंचेचाळीस मिनिटं एकच गोष्ट फळ्यावर सांगण्याचे श्रम वाचवले होते, आणि ती वाचलेली मिनिटं त्यांनी या मुलीला दिली.

ओहोटीचा तास

आभासी प्रयोगशाळा हा आता परवलीचा शब्द आहे. केंद्र सरकारच्या योजनेतून आयआयटींनी बनवलेल्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' खुल्या आहेत. ज्या महाविद्यालयात एक महागडं उपकरण दहा गटांत फिरतं, तिथे मुलांनी प्रयोग आधी पडद्यावर चार वेळा करून बघावा आणि मग हातात काचपात्र घ्यावं, हे उत्तमच. पण मालवणच्या मुलांजवळ दुसरी एक प्रयोगशाळा आहे आणि ती आयआयटीकडे नाही.

ओहोटीची वेळ पाहून प्राणिशास्त्राची मुलं खडकांवर उतरतात. १९८७ पासून इथला समुद्र सागरी अभयारण्य आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत, खडकाच्या खळग्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, शंख, स्पंज. मुलं प्लास्टिकच्या पाइपांची चौकट खडकावर ठेवतात, चौकटीच्या आतलं मोजतात, फोननं फोटो काढतात. 'आयनॅचरलिस्ट' या खुल्या मंचावर फोटो, जागा आणि वेळ टाकली की जगभरातले जाणकार ओळख पटवायला मदत करतात. गंमत अशी की खडकावर रेंज लागत नाही. फोन जागा आणि वेळ टिपून ठेवतो. रात्री घरी किंवा सड्यावर गेल्यावर फोटो चढवायचे.

मी गेलो तेव्हा शेजारच्या खडकावर एक म्हातारी कालवं काढत होती. मुलांच्या चौकटीकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

"मावशे, हयसर कालवां गावतत?"

"आधी गावायची. आता रेव चढली. त्या दगडार बघ, थंय असतली."

मुलगा त्या दगडाकडे गेला, आणि मग परत येऊन त्यानं मावशीला विचारलं की रेव कधीपासून चढायला लागली. उत्तर त्यानं फोनवर ध्वनिमुद्रित केलं. त्याच्या सरांना हे त्याला सांगावं लागलं नाही. किनाऱ्यावरची वाळू कशी सरकते, कुठली जात कुठून नाहीशी झाली, हे सांगणारी नोंद कुठल्याच आभासी प्रयोगशाळेत मिळणार नाही. ती इथून तिकडे जायला हवी. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि कामावरचं प्रशिक्षण आलं आहे. २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतही ते लागू झालं. याचा सगळ्यांत जास्त फायदा ज्यांना व्हावा ती ही किनाऱ्यावरची महाविद्यालयं. आपण फक्त दुसरीकडून आलेलं बघत बसायचं हा संकोच मात्र आधी जायला हवा. मालवणच्या मुलांनी केलेला खडकाळ किनाऱ्याचा अभ्यासक्रम देशभरच्या मुलांनी 'स्वयम'वर घ्यावा, यात अशक्य काय आहे?

हाच विचार मला एका रोपवाटिकेतही आला. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७चं. काजूच्या 'वेंगुर्ला' जाती तिथल्या. कुडाळजवळ मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. आंब्याचं कोय कलम ही तर कोकणची हातखंडा कला. कोयीतून उगवलेलं पंधरा-वीस दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस. शेंडा छाटायचा, खोडाला मध्ये उभा काप द्यायचा, तेवढ्याच जाडीच्या हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा, ती त्या कापात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. हे दाखवणाऱ्या चित्रफिती यूट्यूबवर ढिगानं आहेत आणि मुलं त्या बघूनच येतात. तरी पहिली कलमं मरतात. का मरतात ते बघायला इथल्या शिक्षकांनी कॅमेरा उलटा फिरवला. मुलांनी एकमेकांच्या हातांचं चित्रण करायचं, मग ते संथ गतीनं सगळ्यांनी मिळून बघायचं. पाचरीचा काप एका झटक्यात झाला की दोनदा, काडी कापल्यावर किती वेळ उघडी राहिली, पट्टी वरून खाली बांधली की खालून वर. साधा फोन, एक रुपयाही खर्च नाही. शिकवण्याच्या तंत्रज्ञानाचं यापेक्षा नेमकं उदाहरण मी या फिरण्यात पाहिलं नाही.

ओटीपी येईपर्यंत

एका कटकटीच्या गोष्टीबद्दल थोडक्यात. इथल्या बहुतेक मुलांची उच्च शिक्षणातल्या तंत्रज्ञानाशी पहिली गाठ वर्गात पडत नाही, ती अर्जात पडते. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, श्रेयांकांच्या बँकेतलं खातं. प्रत्येक ठिकाणी ओटीपी. ओटीपी येतो बाबांच्या फोनवर, आणि बाबा असतात ट्रॉलरवर. मग पोरं पन्नास-शंभर रुपये देऊन बाजारातल्या सेवा केंद्रातून अर्ज भरून घेतात आणि पासवर्ड तिथल्याच वहीत राहतो. प्रत्येक महाविद्यालयात जूनपासून दोन महिने एक माणूस फक्त अर्ज भरून द्यायला बसवला, तर किती शिष्यवृत्त्या वाचतील याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

सीझन आणि हजेरी

तारकर्ली, दांडी, चिवला बीचवर दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पर्यटकांची रीघ असते. स्कुबा, बोटिंग, घरगुती निवास, खानावळी. या कामांत महाविद्यालयात जाणारी कितीतरी मुलं असतात. सीझनमध्ये हातात पैसा खुळखुळतो, आणि नेमका तोच दुसऱ्या सत्राचा काळ. हजेरी भरत नाही म्हणून प्राध्यापक रागावतात, आणि मुलगा घरचं कर्ज फेडत असतो. दोघांचंही बरोबर आहे.

ध्वनिमुद्रित तासाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. एक मुलगा दुपारी होडी किनाऱ्याला लावून सावलीत बसून अर्थशास्त्राचा तास ऐकत होता. त्याच्याच सरांनी फोनवर रेकॉर्ड करून गटावर टाकलेला पंधरा मिनिटांचा आवाज, चित्र नाही. चित्र नसल्यामुळे डेटाही थोडाच लागतो. सर बोलताना मध्येच "मालवणच्या मासळी बाजारात सुरमईचा भाव का चढतो" असं म्हणाले आणि हा हसला, कारण भाव त्याला पाठ होता. सीझन संपल्यावर जून-जुलैत अशा मुलांसाठी प्रत्यक्ष वर्ग भरवता आले, परीक्षेचं वेळापत्रक थोडं लवचीक झालं, तर शिक्षण आणि कमाई यांतलं एक निवडायची पाळी त्यांच्यावर येणार नाही. तंत्रज्ञान तयार आहे. वेळापत्रक मात्र मुंबईच्या हिशोबानं चालतं.

यंत्रानं लिहिलेला प्रकल्प

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत प्रकल्पवह्यांची भाषा एकदम बदलली, असं मला भेटलेल्या प्रत्येक प्राध्यापकानं सांगितलं. वाक्यं गुळगुळीत, परिच्छेद सारखे, आणि 'कोकणातील मत्स्यव्यवसाय' या प्रकल्पात रापणीचा उल्लेखही नाही. ज्या मुलाचे काका रापण ओढतात, त्याच्या वहीत ती नाही.

मुलांना चोर ठरवण्यात अर्थ नाही. इंग्रजीची भीती बाळगून आयुष्य काढलेल्या मुलाला प्रथमच असं काही मिळालं आहे की ज्याला मराठीत, मोडक्या वाक्यात, रात्री बारा वाजता विचारलं तरी ते ओरडत नाही. तेच वाक्य दहा वेळा समजावून सांगतं. शंका विचारायची कुणाला, या पन्नास वर्षांच्या प्रश्नाला हे पहिलं अर्धंमुर्धं उत्तर आहे, आणि मी ते कमी लेखणार नाही. केंद्र सरकारच्या 'भाषिणी'सारख्या उपक्रमातून भारतीय भाषांतली भाषांतरं आणि बोललेलं लिहून देणारी साधनं सुधारत आहेत. पण हे यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासानं देतं, आणि ते चूक आहे हे ओळखण्यापुरतं ज्ञान ज्याच्याकडे आहे त्यालाच ते सुरक्षित आहे. सुरुवात करणाऱ्याला ते एकट्यानं वापरायला देणं धोक्याचं आहे.

एका प्राध्यापकांनी यावर उपाय काढला तो मला फार आवडला. प्रकल्प यंत्राकडून लिहून घ्यायला त्यांनी परवानगीच दिली. अट एकच. लिहिलेलं घेऊन त्या जागेवर जायचं, बंदरावर, बागेत, काजूच्या कारखान्यात, आणि त्यातलं काय चूक आहे, काय सुटलं आहे ते माणसांना विचारून लाल शाईनं लिहायचं. गुण लाल शाईला. तोंडी परीक्षाही जागेवरच. मुलं रापणीवर गेली, काकांशी बोलली, आणि वह्या तांबड्या झाल्या.

२०२५ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला आणि अशा तऱ्हेचा देशातला पहिला जिल्हा म्हणून त्याची घोषणा झाली. कचेऱ्यांत जे आलं ते वर्गातही येणार. ते येताना लाल शाईची ही सोय आपण सोबत ठेवली पाहिजे.

खोली, वीज आणि एक माणूस

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. आणि तरीही २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आठ लाख अडुसष्ट हजारांवरून साडेआठ लाखांच्या आत. मुलं शिकतात आणि जातात. मुंबई, पुणे, गोवा, कोल्हापूर. तंत्रज्ञानानं हे थांबेल असं मी म्हणणार नाही. पण जी इथे राहतात, ज्यांना राहायचं आहे, ज्या मुलींना जाऊ दिलं जात नाही, त्यांना दुय्यम शिक्षण मिळू नये एवढं ते नक्की करू शकतं.

त्यासाठी नवे टॅब वाटायची गरज नाही. २०११ साली 'आकाश' टॅबलेटचा गाजावाजा आपण पाहिला, तो कुठे गेला तेही पाहिलं. माझ्या मते प्रत्येक तालुक्यातल्या महाविद्यालयात एक खोली हवी. रात्री नऊपर्यंत उघडी, मुलींना घरी पोचवायला शेवटच्या एसटीशी वेळ जुळवलेली. छपरावर सौर पॅनेल आणि बॅटरी, म्हणजे लाइट गेली तरी चालू. 'स्पोकन ट्युटोरियल', 'स्वयम'चे धडे तिथल्याच एका संगणकात उतरवून ठेवलेले, म्हणजे रेंज गेली तरी चालू. 'स्वयम'ची शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. ते केंद्र जिल्ह्यातच हवं, त्यासाठी घाट चढायला लागू नये. आणि त्या खोलीत तासिका तत्त्वावरचा नव्हे, कायम नेमणुकीचा एक माणूस. मुलांच्या शेजारी स्टूल ओढून बसणारा. खर्च याच माणसाचा जास्त आहे, म्हणून प्रत्येक योजनेत आधी तोच कापला जातो.

ग्रंथालयाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकांची मोठी योजना केंद्रानं २०२४च्या नोव्हेंबरात मंजूर केली, ती पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठी. आपल्या जिल्ह्यातली जुनी महाविद्यालयं बहुतेक स्थानिक शिक्षण संस्थांनी उभारलेली. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेट या केंद्रीय ग्रंथालय-जाळ्याची 'एन-लिस्ट' ही सेवा आहे. सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखांनी ई-पुस्तकं, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा पासवर्ड, घरूनही वाचता येतं. अनुदानित महाविद्यालयाला त्याची वर्षाची वर्गणी गेली काही वर्षं ५,९०० रुपये राहिली आहे.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा तुमच्यापैकी अनेक जण दिवाळीला गावी आलेले असाल. सुट्टी संपवून परतण्याआधी ज्या महाविद्यालयात शिकलात तिथे एकदा जा. ग्रंथपालांना भेटा. 'एन-लिस्ट' चालू आहे का, किती मुलांनी पासवर्ड घेतला आहे, हे दोन प्रश्न विचारा. वर्गणी थकली असेल तर ती भरा. भरलेली असेल आणि पासवर्ड कपाटात पडून असतील, तर दुपारभर थांबून आठ-दहा मुलांना ते उघडून दाखवा.